अकाल, दुष्काळ आणि अमृतवेळ : गुरू ग्रंथातील कालविचार, मराठवाड्यातून वाचताना

मराठवाड्याच्या माणसाला 'अकाल' हा शब्द नीट ऐकू येत नाही. मराठीत 'अकाली' म्हणजे अवेळी; अकाली मृत्यू, अकाली वार्धक्य. हिंदीत आणि इथल्या दखनीत 'अकाल' म्हणजे थेट दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा आपण त्याला दुष्काळ म्हणालो; हिंदीच्या तोंडी तो 'अकाल' होता. आणि शेजारच्या नांदेडात गुरुद्वाऱ्याच्या आवारात त्याच अक्षरांचा जयघोष होत होता : 'सत श्री अकाल'. एका जिल्ह्याची आपत्ती ती दुसऱ्या जिल्ह्यात परमेश्वराचे नाव.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. मराठीत शीख धर्मावर जे लिहिले जाते त्यात 'अकाल' म्हणजे 'कालातीत' एवढे सांगून लेखक पुढे जातात. मग एक ठरीव वर्गवारी येते : हिंदूंचा काळ चक्राकार, पाश्चात्त्यांचा सरळ रेषेचा आणि शिखांचा दोहोंच्या पलीकडचा. ही मांडणी सोयीची आहे, पण ग्रंथ उघडला की ती टिकत नाही. ज्या ग्रंथात ऋतू, महिने, तिथी, वार, रात्रीचे प्रहर यांवर स्वतंत्र रचना आहेत, तो काळाच्या पलीकडे गेलेला ग्रंथ नव्हे. त्याने काळातले काही सोडले आहे आणि काही हट्टाने ठेवले आहे. काय सोडले आणि काय ठेवले, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ग्रंथाच्या रचनेतच मिळते. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. आजच्या छापील प्रतींत त्याची १४३० पाने असतात आणि त्याचा मुख्य भाग ३१ रागांत विभागलेला आहे. कवी कोणत्या शतकातला, रचना आधीची की नंतरची, यावर ही मांडणी आधारलेली नाही. तेराव्या-चौदाव्या शतकातले आपले नामदेव त्याच रागात बसतात ज्यात सोळाव्या शतकातले अर्जनदेव बसले आहेत. सहा गुरूंची वाणी ग्रंथात आहे. पण प्रत्येकाची नाममुद्रा एकच, 'नानक'. कोणता नानक हे 'महला' या शब्दापुढच्या आकड्यावरून ओळखायचे. म्हणजे इतिहासाचा काळ या ग्रंथाने जाणूनबुजून पुसला आहे.

पण रागाला वेळ असते. 'आसा दी वार' पहाटे गायची, सोहिला झोपण्यापूर्वी म्हणायचा, हा क्रम घराघरांत पाळला जातो. शतक गेले, प्रहर मात्र राहिला. कवी कधी जन्मला याची चौकशी नको, तुम्ही तो कोणत्या घटकेला गाता ते महत्त्वाचे, असा हा ग्रंथाचा अबोल दंडक आहे.

मराठीने नामदेवांना याच्या नेमके उलट वागवले. 'आदि', 'तीर्थावळी', 'समाधी' या प्रकरणांतून नामदेव आपल्याला भेटतात ते ज्ञानदेवांचे चरित्रकार म्हणून. १२९६ ची आळंदी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती त्यांच्यामुळे. नंतरच्या संशोधकांनी ही वाट पुढे नेली : खरे नामदेव कोणते, विष्णुदास नामा कोणता, जन्म नरसीचा की पंढरपूरचा. हे काम आवश्यकच होते. पण त्यात नामदेव आपल्यासाठी मागे राहिलेला माणूस झाला. गुरू ग्रंथात त्यांची ६१ पदे १८ रागांत विखुरलेली आहेत. तिथेही सुलतानाची कथा आहे, देऊळ फिरल्याची कथा आहे, पण साल नाही, गाव नाही. तिथले नामदेव रोज सकाळी नव्याने गातात.

या ६१ पदांतली दोन मला कालविचाराच्या दृष्टीने मध्यवर्ती वाटतात. आसा रागातले एक पद शिंप्याचे आहे. मन हा त्याचा गज, जीभ ही कात्री. मापून मापून तो यमाचा फास कापत बसला आहे. काळ म्हणजे मृत्यू, आणि मृत्यू म्हणजे कापड. ते एका घावात फाडायचे नाही, रोजच्या कामासारखे थोडे थोडे कापायचे. दुसरे पद रामकलीतले. मुलगा कागद कापून पतंग उडवतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण चित्त दोरीवर. मुली हसत-खिदळत पाण्याच्या घागरी आणतात, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरावर. पाळण्यात मूल निजवून आई घरातबाहेर काम करते, चित्त पाळण्यावर.

या प्रतिमांत वेळ दोन आहेत आणि दोन्ही एकाच हातात आहेत. गप्पांची वेळ जाते आहे, ती थांबवायची नाही. दोरीची वेळ ताणलेली आहे, ती सोडायची नाही. 'अकाल' म्हणजे काळाचा अभाव नव्हे. चालत्या काळात न सुटलेली दोरी. ग्रंथातल्या कबीरांच्या सलोकांत त्रिलोचन नामदेवांना विचारतात, की कापड छापत काय बसलास, रामात चित्त का लावत नाहीस? नामदेवांचे उत्तर असे, की हातापायांनी काम करावे आणि चित्त निरंजनापाशी ठेवावे. पूजेसाठी वेगळा वेळ काढायचा असतो हेच त्यांना मान्य नाही. शीख कालविचाराचे इतके नेमके निरूपण मला दुसरे आढळलेले नाही, आणि ते नरसीच्या शिंप्याचे आहे. आज हिंगोली जिल्ह्यात असलेली ही नरसी नांदेडहून फार दूर नाही. २०१५ साली पंजाबातल्या घुमानला साहित्य संमेलन भरले तेव्हा नामदेव पंजाबात गेले हे आपण पुष्कळ सांगितले. पंजाबने त्यांच्याकडून काय घेतले हे कमी सांगितले.

मग मुहूर्ताचे काय? 'जपुजी'त नानकदेव विचारतात, की सृष्टी झाली ती कोणती वेळ, कोणती तिथी, कोणता ऋतू, कोणता महिना? पंडितांना ते पुराणात सापडले नाही, काझींना कुराणात सापडले नाही. ते एका कर्त्यालाच ठाऊक. पहिल्या मुहूर्ताचाच पत्ता नसेल, तर बाकीच्या मुहूर्तांना आधार कशाचा? तुखारी रागातल्या त्यांच्या 'बारामाहा'त विरहिणी बारा महिने सोसते आणि शेवटी सगळे महिने, तिथी, वार, घटका चांगल्याच ठरतात. माझ रागातल्या अर्जनदेवांच्या 'बारामाहा'चा शेवटही याच वळणाचा आहे. गंमत अशी की हाच दुसरा 'बारामाहा' आज दर संक्रांतीला गुरुद्वाऱ्यांत वाचला जातो. दिवस पाहू नका असे सांगणाऱ्या रचनेलाच लोकांनी दिवस नेमून दिला.

'बारामाहा' मराठवाड्यात वाचताना आणखी एक अडचण येते, आणि ती उपयोगाची आहे. नानकदेवांचा आषाढ भाजून काढणारा आहे : सूर्य आकाशात तापतो, धरती सोसते, बाई सावली शोधते. आपला आषाढ वारीचा आणि पेरणीचा. मृगाने दगा दिला आणि पेरलेले करपू लागले की लातूर-धाराशिवचा शेतकरीही तो पंजाबी आषाढ ओळखतो. महिन्याचे नाव सारखे असले तरी त्यातला अनुभव जमिनीगणिक बदलतो. कवितेने महिन्याला शुभ-अशुभ ठरवले नाही, म्हणूनच ती इतक्या दूर येऊनही वाचता येते.

इथे एक खरी हरकत उभी राहते. शीख परंपरेत रात्रीचा शेवटचा प्रहर 'अमृतवेळ' मानला जातो. नांदेडला पहाटेच्या कितीतरी आधी गोदावरीचे पाणी गागरीत भरून आणतात आणि तख्तावरची सेवा सुरू होते. हा नेम दिवस चुकवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातले किल्लारी कोसळले. गणपती विसर्जन करून दमून झोपलेली हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गेली. वेळ तीच, अमृतवेळ. 'सगळ्या घटका चांगल्या' हे वाक्य किल्लारीच्या ढिगाऱ्यावर उभे राहून म्हणता येईल का?

मला वाटते, सांत्वन म्हणून ते म्हणता येणार नाही, आणि ग्रंथही तसे म्हणत नाही. अमृत घटकेत नसते, स्मरणात असते, एवढेच त्याचे म्हणणे. घटका निर्विकार आहे. ती कोणाला वाचवत नाही. नांदेडला गुरू ग्रंथाशेजारी दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. त्यातल्या रचनांत परमेश्वराला 'अकाल' म्हटले आहे तसे सरळ 'काल'ही म्हटले आहे; संहार करणारा, खड्ग धरलेला. भूकंपाचा काळ आणि नामाचा काळ यांना दोन मालक नाहीत, हे मान्य करायला धाडस लागते. शुभ मुहूर्तावर विश्वास ठेवणे त्या मानाने फार सोपे.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे १७०८ ची नांदेडची घटना वेगळी दिसू लागते. गुरू गोविंदसिंग इथे आले तोवर त्यांचे चारही पुत्र मारले गेले होते. अखेरच्या दिवसांत त्यांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. 'वारस उरला नव्हता म्हणून' असे याचे कारण अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. गुरुपद पुत्रालाच मिळावे असा नियम कधीच नव्हता. नानकदेवांनी स्वतःचे मुलगे असताना अंगददेवांना निवडले. आणि एकच ज्योत, फक्त देह बदलला, हा विचार सत्ता आणि बलवंड यांच्या रामकलीतल्या वारेत पूर्वीच येऊन गेला होता. सहा माणसांनी एकाच नावाने लिहिले होते. ज्या परंपरेने कवींची शतके पुसली, तिने अखेर गुरूंचे आयुर्मानही पुसले, आणि ते इथे, गोदाकाठी. त्या दिवसापासून रोज ग्रंथ उघडतो, जे पान येईल त्यावरचे पद त्या दिवसाचा हुकूम ठरते. एखाद्या सकाळी तो हुकूम नामदेवांचा असतो. सातशे वर्षांपूर्वीचा शिंपी आज काय करावे ते सांगतो.

पंथाने त्या पुसलेल्या तारखांशी पुढे झगडा केला, हेही नोंदवले पाहिजे. नानकशाही दिनदर्शिका २००३ साली आली, गुरू गोविंदसिंगांची जयंती ५ जानेवारीला स्थिर झाली. २०१० मध्ये तिच्यात फेरफार झाले. हुजूर साहिबने मात्र जुनी बिक्रमी तिथीच चालू ठेवली. निजामी फसली सन, शालिवाहन शक आणि इसवी सन एकाच दप्तरात सांभाळलेल्या मराठवाड्याला यात नवल वाटू नये. गुरूंच्या देहत्यागाची ७ ऑक्टोबर १७०८ ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेतली. आजच्या गणनेत ती १८ ऑक्टोबर होते. तिथी कार्तिक शुद्ध पंचमी, आपली पांडवपंचमी. दिवाळीची अमावास्या आपण आश्विनात धरतो, उत्तरेकडे ती कार्तिकात पडते. शुद्ध पक्षात मात्र दोन्ही पंचांगे एक होतात.

त्या शहराला शीख 'अविचल नगर' म्हणतात, आणि 'जपुजी'तला शेवटचा खंड, सचखंड, हे तिथल्या तख्ताचे नाव. तेच नाव नांदेड-अमृतसर गाडीला आहे, आणि ती गाडी उशिराही येते. फलाटावर बसलेल्यांपैकी कोणी जप करत असतो, कोणी डबा उघडतो, कोणी पोराला सांभाळतो. यात विसंगती शोधणाऱ्याने नामदेवांची पाळण्याची प्रतिमा पुन्हा वाचावी.

दिवाळीच्या सुमारास नांदेडला तख्तस्नान होते. गोदावरीच्या पाण्याने तख्त धुतात, शस्त्रे बाहेर काढून उजळतात. नदीला पाणी कमी असेल त्या सालीही घागरी भरल्या जातात. दुष्काळ आणि अकाल हे दोन शब्द त्या घागरीत एकत्र येतात. आणणाऱ्याचे चित्त कुठे असायला हवे, ते नरसीच्या माणसाने सांगून ठेवले आहे.