फिरलेलं मत आणि आपलं राजकीय कथन

मराठी राजकीय कथनात निष्ठा बदलण्याचा हक्क पुढाऱ्याकडेच राहिला आहे. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) पुन्हा पाहावा. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी; कोण कुणाकडे सरकला याचा हिशेब त्यात चोख आहे. पत्रकार दिगू टिपणीसला सगळं दिसतं, पण मत का बदललं हे सांगणारा मतदार त्याला भेटत नाही. 'सामना'तला मारुती कांबळे सामान्य माणूस खरा, पण कथेत त्याला जागा मिळते ती नाहीसा झाल्यावर.

ही उणीव मला २०२४च्या बारामतीने प्रकर्षाने जाणवून दिली. लोकसभेला सुप्रिया सुळे यांनी भावजय सुनेत्रा पवार यांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवलं. बारामती विधानसभा क्षेत्रातही सुळेच पुढे होत्या. नोव्हेंबरमध्ये त्याच क्षेत्रात अजित पवारांनी पुतण्या युगेंद्र यांच्यावर सुमारे लाखाच्या फरकाने मात केली. मधे गेले जेमतेम सहा महिने. याद्या जवळपास त्याच, शाळाखोल्याही त्याच. तुतारीचं बटण दाबलेल्या हजारो बोटांनी घड्याळाचं दाबलं.

'लाडकी बहीण'चे दीड हजार, असं उत्तर लगेच येतं. योजनेचा परिणाम नाकारण्याचं कारण नाही. पण 'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा' हे तिथलं बोलणं लोकसभेच्या प्रचारातच ऐकू येत होतं, योजना जाहीर होण्याआधी. म्हणजे अनेकांच्या लेखी ही एकाच मताची दोन टोकं होती. पवारांच्या घरातली फूट मतदाराने आपल्यापुरती वाटणी करून मिटवली. पत्नीला बहिणीसमोर उभं करणं चूक होती, असं दादांनी ऑगस्टमध्ये जाहीरपणे कबूल केलं. मतदाराने तो निकाल जूनमध्येच दिला होता. या माणसाला चंचल म्हणायचं की आपल्या निष्ठेला घट्ट धरून राहिलेला?

भाषाही त्याच्या बाजूने नाही. पुढारी 'पक्षप्रवेश' करतो, हारतुऱ्यांसह. मतदार 'फिरतो', वारं फिरावं तसा. पहिल्या क्रियापदात निर्णय आहे, दुसऱ्यात हवामान. आपल्या समीक्षकांनीही (त्यात नावाजलेलेही आले) हे हवामान निमूटपणे मान्य केलं.

गोष्ट नवी नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झंझावातात यशवंतराव चव्हाण कऱ्हाडला कसेबसे निवडून आले. १९६०मध्ये राज्य मिळालं आणि १९६२ला त्याच काँग्रेसला २६४पैकी २१५ जागा मिळाल्या. त्या चळवळीवर, नेत्यांवर, हुतात्म्यांवर आपल्याकडे विपुल लिहिलं गेलं. १९५७ला समितीला मत देऊन १९६२ला बैलजोडीवर शिक्का मारणारा साताऱ्याकडचा शेतकरी त्या दिवशी घरी येऊन बायकोशी काय बोलला, हे सांगणारी कादंबरी मी अजून शोधतो आहे.