दोन डोळे, बारा हात आणि शेजारी

कैद्याविषयीं लोकांच्या मनांत जी भीति असते ती बहुधा कैदी पाहून उत्पन्न झालेली नसते; तो दृष्टीस पडत नाहीं म्हणूनच ती वाढते. तुरुंगांत तयार झालेल्या मालाच्या दुकानांत, सतरंजीची वीण पाहण्याआधीं विणणाऱ्याचा गुन्हा विचारणारें गिऱ्हाईक मीं पाहिलें आहे. आणि खरें सांगावयाचें तर तोच प्रश्न माझ्याही ओठांवर आला होता. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा हिंदी बोलपट परवां पुन्हां पाहतांना त्या प्रश्नाची आठवण झाली.

कथा सर्वश्रुत आहे. आदिनाथ नांवाचा तरुण जेलर खुनाच्या गुन्ह्यांतील सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर एका ओसाड रानांत नेतो आणि श्रम व विश्वास एवढ्याच बळावर त्यांच्याकडून जमीन पिकवून घेतो. ही कथा ग. दि. माडगूळकरांची असून तिला औंध संस्थानांतील एका खऱ्या प्रयोगाचा आधार आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या कारकीर्दींत, भारतानंद या नांवानें ओळखले गेलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेनें १९३९ सालीं आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत वसली. माडगूळकर त्याच मुलखांतले.

बोलपटाचें मोठें यश डोळ्यांच्या प्रतिमेंत आहे. कैद्यांचीं पावलें पळून जाण्याकडे वळतात तेव्हां जेलरचे डोळे त्यांच्यापुढें उभे राहतात आणि पावलें मागें फिरतात. दगडी भिंतीचें काम एका माणसाच्या नजरेनें करावें, ही कल्पना शब्दांपेक्षां चित्रानेंच सांगतां येण्याजोगी होती, आणि शांतारामांनीं ती चित्रानेंच सांगितली. १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत या कृतीचा गौरव झाला, तो यथायोग्यच होय.

परंतु याच ठिकाणीं माझी शंका सुरू होते. हे सहाजण सुधारतात ते एका असामान्य पुरुषाच्या नजरेखालीं. प्रेक्षक गहिंवरतो, आणि घरीं जातांना मनाशीं म्हणतो, “असा जेलर असेल तर ठीक, पण असा जेलर कोठें मिळावयाचा?” म्हणजे त्याची भीति होती तेथेंच राहते. बाजाराच्या प्रसंगांतही तेंच घडतें. कैदी आपला भाजीपाला रास्त भावानें विकूं लागतात, गिऱ्हाइकें त्यांच्याकडे वळतात, आणि नफा बुडालेले व्यापारी त्यांच्यावर उठतात. येथें समाजाचा विरोध लोभांतून आलेला दाखविला आहे. लोभी व्यापाऱ्याचा तिरस्कार करणें आपणां सर्वांस सोपें जातें. खरा विरोधक मात्र लोभी नसून भित्रा आहे; तो सज्जन आहे, लेकुरवाळा आहे, आणि तो खुर्चींत बसून हाच बोलपट पाहत आहे. त्याला या कथेंत जागा नाहीं. खेळणीं विकणारी चंपा तेवढी निर्भयपणें त्या रानांतून ये-जा करते; पण तिचें धैर्य पटकथेनें तिला जन्मतःच देऊन टाकलें आहे. तें तिनें कसें मिळविलें, हें पाहावयास मिळालें असतें तर!

भीति सर्वस्वीं खोटी असते असें माझें म्हणणें नाहीं. ज्याच्या घरांत खून झाला त्यास कोणीं उपदेश करूं नये. पण भीतीवर उतारा शोधावयाचा तर तो संतपुरुषापेक्षां नित्याच्या व्यवहारांतच शोधला पाहिजे. स्वतंत्रपुराची वसाहत आजही आहे. तेथें कैदी आपल्या कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. भिंतीवांचून अशी वस्ती टिकते ती केवळ अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर नव्हे. शेजारचा माणूस रोज दिसणाऱ्या चेहऱ्याला हळूहळू नांवानें ओळखूं लागतो, याचाही त्यांत वांटा असलाच पाहिजे. ही संथ, नाट्यशून्य गोष्ट बोलपटानें वगळली, आणि शेवटीं उधळलेल्या बैलाशीं झुंज देऊन जेलरला हुतात्मा केलें.

त्या दिवशीं मीं सतरंजी घेतली. प्रश्न विचारला नाहीं. मात्र घरीं आल्यावर ती पाहुण्यांपुढें अंथरतांना ती कोठली, हें सांगण्यास मी क्षणभर थबकलों. त्या थबकण्यावर एकादा कलावंत बोलपट काढील, तर तो मला हवा आहे.