पाहुण्याची रोजनिशी

परमुलखात घर करून राहिलेल्या माणसांनी आपल्या नव्या गावाविषयी लिहिलेली पुस्तके वाचकांना नेहमीच ओढ लावतात. त्यांत मोठ्या घटना नसतात. गळके छप्पर, भाषेचे घोटाळे, आजारपण, सणावारी आलेले बोलावणे आणि या सर्वांतून हळूहळू जुळत गेलेला स्नेह, एवढ्याच ऐवजावर ती उभी असतात. जेराल्ड ब्रेनन हे इंग्रज लेखक 1920 मध्ये दक्षिण स्पेनच्या डोंगराळ मुलखातील येगेन या खेड्यात राहावयास गेले. त्या दिवसांवरील त्यांचे ‘साउथ फ्रॉम ग्रॅनडा’ हे पुस्तक 1957 मध्ये निघाले व आजही आवडीने वाचले जाते. परंतु या जातीच्या लेखनाचा एक नमुना आपल्या उंबरठ्यापाशीच घडलेला आहे, आणि तो आपल्याला अधिक जवळून प्रश्न विचारणारा आहे. तो म्हणजे व्हेरियर एल्विन यांचे ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’.

लंडनहून 1936 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक म्हणजे एका गोंड खेड्यातील वास्तव्याची रोजनिशी आहे. हे खेडे करंजिया. तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील, अमरकंटकच्या बाजूचे. आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख आणि मंडला हे त्या काळी एकाच मध्य प्रांतात होते. गोंदियाहून सुटणारी लहान गाडी नैनपूरमार्गे मंडल्याला नेऊन सोडी. तेथील गोंड आणि आपल्या देवरी-सालेकसा भागातील गोंड हे एकाच मोठ्या समाजाचे. तेव्हा ही गोष्ट परक्याची मानण्याचे कारण नाही.

एल्विन यांचा जन्म 1902 चा. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा तरुण अँग्लिकन धर्मगुरू 1927 मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधीजींच्या सहवासाने भारावला आणि राज्यकर्त्यांच्या नजरेत खुपू लागला. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेतल्याखेरीज धर्मसेवेचा परवाना देण्यास नागपूरच्या अँग्लिकन बिशपांनी नकार दिला. 1932 च्या जानेवारीत एल्विन शामराव हिवाळे या मराठी मित्रासह करंजियाला पोहोचले. संत फ्रान्सिस असिसीकरांच्या नावाने तेथे आश्रम उभा राहिला. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली. 1935 मध्ये त्यांनी धर्मगुरुपदाचा त्याग केला. म्हणजे ज्या वर्षांची ही रोजनिशी, त्याच वर्षांत लेखकाच्या अंतःकरणात त्याची श्रद्धा हेलकावे खात होती. पुस्तकात मात्र या वादळाचा फारसा मागमूस नाही. तेथे आहे ते हसू.

हे हसू हा या पुस्तकाचा पहिला गुण. हिवताप, मुसळधार पाऊस, विंचू, औषधासाठी दारात बसलेले रोगी, नको त्या वेळी येऊन थडकणारे पाहुणे, या सर्वांची नोंद दोन-चार ओळींत होते आणि चेष्टेचा पहिला बळी बहुधा लेखक स्वतःच असतो. त्या काळच्या मिशनकार्याच्या वृत्तांतांतून आढळणारा करुण, देणगीची याचना करणारा सूर येथे औषधालाही सापडत नाही. गरिबी आहे, पण गरिबीचे प्रदर्शन नाही. सेवा करणाऱ्याने स्वतःकडे पाहून हसावे, हा संत फ्रान्सिसचाच वारसा होय. एल्विन यांनी पुढे धर्मसंस्था सोडली तरी हा वारसा त्यांच्या लेखणीत मुरलेला दिसतो.

दुसरा गुण मैत्रीचा. गावकरी एल्विन यांना ‘बडा भाई’ व शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. या दोन नावांत सारे नाते आले आहे. परदेशी माणूस खेड्यात रुजतो तो एकट्याच्या बळावर नव्हे. त्याच्या आणि गावाच्या मध्ये कोणीतरी उभा असतो, जो दोन्हीकडचे ऐकतो व दोन्हीकडचे सोसतो. करंजियात तो शामराव होता. ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ (1935) आणि ‘फोकसाँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ (1944) हे गीतसंग्रह दोघांच्या नावावर आहेत. शामरावांनी 1946 मध्ये प्रधान समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व त्याच वर्षी मित्राचे चरित्रही प्रसिद्ध केले. एल्विन 1954 मध्ये ईशान्य सीमाप्रदेशाच्या प्रशासनाचे सल्लागार झाले आणि त्याच वर्षी भारताचे नागरिकही. पुढे त्यांना पद्मभूषण मिळाले. शामराव मात्र मंडल्याच्या पाटणगढातच राहिले. कीर्ती बड्या भाईच्या वाट्याला आली, गाव छोट्या भाईच्या वाट्याला. मराठी वाचकाने तरी या दुसऱ्या नावाचे स्मरण ठेवावयास हवे होते. ते आपण ठेवले नाही.

आता उणिवा. रोजनिशी त्याच दिवशी लिहिली जाते, म्हणून ती ताजी असते; पण माणूस उमगण्यास दिवस नव्हे, वर्षे लागतात. ब्रेनन यांनी येगेनविषयीचे पुस्तक दीर्घ काळ मुरल्यावर लिहिले, त्यामुळे त्यांची माणसे अधिक गोलाईने उभी राहतात. एल्विन यांच्या पानांवर गोंड माणूस येतो, काहीतरी गमतीचे बोलतो आणि निघून जातो. विनोदाच्या ओघात तो कधी केवळ हसण्याचे निमित्त उरतो. शेजारी आपल्याविषयी काय म्हणत असतील, हे आपल्याला कळत नाही. शिवाय पुस्तक लिहिले आहे इंग्रजीत, लंडनच्या वाचकासाठी. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचता येणार नव्हते. येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण अपरिहार्य आहे. तेही इंग्रजच. 1579 मध्ये गोव्यात आले, साष्टीच्या खेड्यापाड्यांत राहिले आणि 1616 मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ त्यांनी मराठीत दिले. शेजाऱ्यांविषयी नव्हे, शेजाऱ्यांसाठी त्यांनी लिहिले. दोन्ही प्रकारच्या लेखनाला स्थान आहे. परंतु पाहुणचाराची फेड कशाने होते, हे सांगावयास नको.

आणखी एक मौन बोचते, ते नंतरच्या आयुष्यातले. 1940 मध्ये एल्विन यांनी कोसी या राजगोंड युवतीशी विवाह केला. 1949 मध्ये तो मोडला. त्यांच्या मृत्यूनंतर, 1964 मध्ये निघालेल्या आणि पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या आत्मचरित्रात या नात्याला जेमतेम जागा आहे. जमातींच्या विवाहसंस्थेवर शेकडो पृष्ठे लिहिणाऱ्या लेखणीला स्वतःच्या गोंड पत्नीविषयी शब्द सापडू नयेत, ही केवळ खाजगी बाब म्हणून सोडता येत नाही. परक्या गावावर प्रेम करणे आणि त्या गावातील एका माणसाला अखेरपर्यंत साथ देणे, यांतले अंतर त्या मौनात दिसते.

कॅथलिक वाचकाला एल्विन यांचे नाव आणखी एका कारणाने कडू लागते. 1944 मध्ये त्यांनी मंडला जिल्ह्यातील डच कॅथलिक मिशनऱ्यांविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. जो स्वतः परदेशातून येऊन गोंडांच्या अंगणात राहिला, त्याने दुसऱ्या परदेशीयांना त्या अंगणातून जाण्यास सांगावे, यात विसंगती आहे आणि ती नोंदविलीच पाहिजे. पण विसंगती दाखविल्याने आरोपाचे उत्तर होत नाही. त्यांचा मूळ प्रश्न असा होता की, येणारा माणूस येथील गाणे, नाच, देवस्थाने, घरे यांवर प्रेम करतो काय? या प्रश्नाचे चांगले उत्तर आपल्याच एका धर्मगुरूने दिले. ऑस्ट्रियन फादर स्टीफन फुक्स यांनी पूर्व मंडल्यातील गोंड व भूमिया यांच्यावर 1960 मध्ये भरीव ग्रंथ लिहिला. पुढे 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मकार्याविषयीच्या आपल्या आदेशात हेच सांगितले की, ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्या परंपरा जाणून घ्याव्यात, त्यांच्यातलेच एक व्हावे.

तरीही तुलनेत एक गोष्ट मान्य करावी लागते. फुक्स यांच्या ग्रंथात ज्ञान आहे. पण त्या गावात फादर कसे राहिले, कोणाच्या ओसरीवर बसले, कोणाशी त्यांचे जमले वा बिनसले, हे त्यात नाही. आपल्या मिशनच्या दप्तरांत बाप्तिस्मे आहेत, इमारतींचे हिशेब आहेत, शेजार नाही. एल्विन यांनी तो शेजार लिहून ठेवला, म्हणून श्रद्धा सोडलेल्या या माणसाचे पुस्तक श्रद्धावंतांनी वाचावे असे मला वाटते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. आपल्या जिल्ह्यात प्रतापगडजवळ 1972 पासून तिबेटी बांधवांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. आपल्या धर्मग्रामांतही केरळ, तामिळनाडू, झारखंड येथून आलेले फादर व सिस्टर आयुष्य वेचीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी पहिल्या पावसाळ्याची, पहिल्या फसलेल्या मराठी वाक्याची, पहिल्या जिवलग शेजाऱ्याची रोजनिशी लिहिली आहे काय? आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे आपण, त्यांच्याविषयी काय लिहिले? बेथलेहेमात आलेल्या मवाबी रूथची कथा पवित्र शास्त्रात राहिली, ती तिच्या शब्दांइतकीच त्या गावाने तिला दिलेल्या जागेमुळे. ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’ मध्ये पाहुण्याची बाजू वाचावयास मिळते. यजमानाची बाजू अजून लिहावयाची राहिली आहे, आणि ती मराठीत व गोंडीतच लिहिली गेली पाहिजे.