महीपतीच्या संतचरित्रांचें प्रामाण्य

महाराष्ट्रांत संतकवींच्या चरित्रांविषयीं जें घरोघर ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग ताहाराबादकर महीपतीच्या (इ. स. १७१५–१७९०) ग्रंथांतून आलेला आहे. या ग्रंथांविषयीं संशोधकांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष चमत्कार पाहून ते बाजूस सारतो. दुसरा प्रत्येक ओवी अस्सल कागदाप्रमाणें पुढें करतो. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अग्राह्य आहेत.

ज्या परंपरागत उक्तीचा मूळ वक्ता निर्दिष्ट नाहीं, तिला नैयायिक ‘ऐतिह्य’ म्हणतात व तिला स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. हीच कसोटी येथें लावावी. ‘भक्तविजया’त महीपति नाभाजी व उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचा आधार उघड सांगतो. समाप्तीस तो शके १६८४, चित्रभानु संवत्सर, असा काल देतो. शक व संवत्सर यांचा मेळ बसतो व इ. स. १७६२ हें वर्ष निघतें. आपला आधार व काल सांगणाऱ्या ग्रंथकारास केवळ भाबडा म्हणणें न्याय्य नव्हे.

तथापि आधार सांगणारा साक्षीदार असतोच असें नाहीं. तुकारामांचें प्रयाण सतराव्या शतकाच्या मध्यास झालें. ‘भक्तविजय’ त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिला गेला. महीपतीनें दिलेल्या तुकारामचरित्राचे तीन थर पडतात. दुष्काळ, पत्नीचा अन्नावांचून मृत्यु, व्यापारांतील दिवाळें, देवळाचा जीर्णोद्धार या गोष्टी तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगांत आहेत. तेथें महीपति अनुवादक आहे. उदकांत तेरा दिवस राहिलेल्या वह्यांचा उल्लेख बहिणाबाईच्या (१६२८–१७००) अभंगांत आहे. तेथें त्याच्या कथेस समकालीन श्रद्धेचा पाठिंबा मिळतो. घटना घडली कीं नाहीं हा प्रश्न निराळा. ती कथा महीपतीनें रचलेली नाहीं, इतकें मात्र सिद्ध होतें. तिसरा थर संवादांचा. कोण कोणास काय बोललें हें शतकानंतर शब्दशः टिकत नाहीं. तेथें कीर्तनकार बोलतो, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांस पाणी आणण्याचें त्याचें सामर्थ्यही तेथेंच आहे.

इ. स. १९३३ त ॲबट व गोडबोले यांचें ‘भक्तविजया’चें इंग्रजी भाषांतर निघालें व हेंच चरित्र परदेशीय अभ्यासकांपर्यंत पोहोंचलें. हे थर निवडून दाखविण्याची जबाबदारी त्यामुळें वाढली आहे.

हस्तलिखितें जमविणाऱ्या सज्जनांस आमची एकच विनंति आहे. कीर्तनकारांचीं बाडें क्षुल्लक मानून टाकूं नयेत, सुटीं पानें वेगळीं करूं नयेत आणि पुष्पिका जशीच्या तशी उतरून ठेवावी. एखादी संतकथा शके १६८४ पूर्वीच्या मितीच्या प्रतींत सांपडली, तर महीपतीच्या पदरीं घातलेली कल्पना त्याच्या पदरची नव्हे, हें ठरेल. त्या कवीचें ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.