शहरी घरगुती वीजबचतीचे उपक्रम : गृहीतकांची चिकित्सा

शहरी कुटुंबांचा वीजवापर आटोक्यात आणण्याचे शासकीय प्रयत्न आपल्याकडे आता अडीच दशकांचे झाले आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर तारांकनाची पट्टी दिसू लागली. या प्रयत्नांचे मूल्यमापन मात्र बहुधा प्रवर्तकांनी स्वतः दिलेल्या आकड्यांवरूनच केले जाते. त्या आकड्यांमागील गृहीतके तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. बचत झालीच नाही, असे येथे म्हणावयाचे नाही. ती किती झाली आणि कोणाच्या घरात झाली, हा प्रश्न आहे.

सर्वांत गाजलेले उदाहरण ‘उजाला’ योजनेचे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेने एकत्रित खरेदीचे बळ दाखवून दिले. २०१४ च्या प्रारंभी सुमारे ३१० रुपये असलेली एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१६ पर्यंत ४० रुपयांच्या आत आली. हे यश निर्विवाद आहे. परंतु योजनेचा गौरव होतो तो किमतीसाठी नव्हे, तर वाचलेल्या युनिटांसाठी. शासकीय निवेदनांनुसार ३६ कोटी ८० लाखांहून अधिक दिवे वितरित झाले व त्यांमुळे वर्षाला सुमारे ४,७८८ कोटी युनिट वीज वाचते. साधा भागाकार केला तर प्रत्येक दिव्यामागे १३० युनिट येतात. ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा लावला असे मानले, तर ५१ वॅटच्या फरकाने १३० युनिट वाचण्यासाठी तो दिवा वर्षातील प्रत्येक दिवशी सुमारे सात तास जळला पाहिजे. दिवाणखान्यातील दिवा एवढा जळेलही. परंतु न्हाणीघरातील, माळ्यावरील, जिन्यातील दिव्याचे काय?

दुसरे गृहीतक याहून नाजूक आहे. बदललेला दिवा तारेचाच होता, हे कशावरून? राज्यातील भारनियमनाच्या काळात शहरी मध्यमवर्ग सीएफएलकडे मोठ्या प्रमाणावर वळला होता. केंद्राच्या ‘बचत लॅम्प योजने’ने २००९ मध्ये तोच दिवा १५ रुपयांत देऊ केला होता. १४ वॅटच्या सीएफएलच्या जागी ९ वॅटचा एलईडी आला असेल, तर सात तासांच्या हिशेबानेही वार्षिक बचत १३ युनिटांच्या आसपास उतरते, म्हणजे दाव्याच्या दशांश. एकच बचत दोन योजनांच्या खात्यांवर जमा होण्याचा हा धोका आहे. शिवाय दिवा स्वस्त झाला की दिव्यांची संख्या वाढते. छताखाली लपवलेल्या शोभेच्या प्रकाशपट्ट्या हे त्याचे आजचे रूप. जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाविषयी हेच निरीक्षण नोंदविले होते.

पंख्याची कथा वेगळी आहे. नेहमीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी मोटरचा सुमारे २८ वॅट. दिवसाला १० तास व वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १४१ युनिट वाचतात. दिव्यापेक्षा हे क्षेत्र अधिक फलदायी असूनही पंख्यांवर तारांकनाची सक्ती झाली ती २०२३ मध्ये. त्यातही आपल्याकडे बिघडलेला पंखा फेकला जात नाही, वाइंडिंगला दिला जातो. भाड्याच्या घरातील पंखा घरमालकाचा असतो आणि बिल भाडेकरूचे. नवा पंखा घेण्यात मालकाला कोणता लाभ? शहरी स्थलांतरितांचा मोठा वर्ग, आपले विद्यार्थीही त्यांतच आले, अशाच खोल्यांत राहतो. टप्प्यांच्या वीजदरामुळे अल्प वापर करणाऱ्याचे युनिट स्वस्त असते, हे न्याय्यच आहे; पण त्यामुळेच महाग पंख्याचा खर्च त्याच्या बिलातून सर्वांत उशिरा वसूल होतो. बाजारभावाने विकली जाणारी कार्यक्षमता अशा रीतीने ज्याला तिची गरज अधिक त्याच्यापासूनच दूर राहते.

वातानुकूलन यंत्रांबाबत जानेवारी २०२० पासून २४ अंशांची पूर्वनियोजित मांडणी सक्तीची झाली. जून २०२५ मध्ये २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केला. गृहनिर्माण व नगरविकास हे खातेही त्या वेळी त्यांच्याचकडे होते, हे लक्षणीय आहे. चर्चा रिमोटची झाली, भिंतीची नाही. वास्तविक निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्येच तयार झाली होती व तिने इमारतीच्या कवचातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा सुचविली होती. तिची अंमलबजावणी मात्र राज्ये व स्थानिक संस्थांच्या बांधकाम नियमांवर सोडलेली आहे. आणि उभ्या असलेल्या लाखो सदनिकांना, तापलेल्या स्लॅबखालच्या वरच्या मजल्याला, बंदिस्त केलेल्या बाल्कनीला तिचा फारसा स्पर्श होत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर पुरतो, मुंबईच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो. एवढा साधा भेदही देशव्यापी प्रचारात हरवतो.

पुण्याचा २००६ मधील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. उद्योगांच्या स्वतःच्या वीजनिर्मिती संचांचा आधार घेऊन आणि अधिक वापर करणाऱ्या ग्राहकांकडून जादा आकार घेऊन शहर भारनियमनमुक्त करण्यात आले. तुटवड्याला शहराने दिलेले उत्तर मुख्यतः वापर घटविण्याचे नव्हते, पुरवठा विकत घेण्याचे होते.

प्रत्यक्ष बचत मोजणे अशक्य नाही. मीटरवरील नोंद वितरण कंपनीकडे दरमहा जमा होते आणि ग्राहकाच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. दिवा वा पंखा बदलण्यापूर्वीची आणि नंतरची अशी दोन वर्षांची बिले, घर मालकीचे की भाड्याचे, कितव्या मजल्यावर आणि बदललेले उपकरण कोणते, एवढी माहिती एका प्रभागातील काही शे कुटुंबांकडून गोळा करणे महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र, भूगोल व भौतिकशास्त्र विभागांना एकत्रितपणे एका शैक्षणिक वर्षात साधण्यासारखे आहे. १३० युनिटांचा दावा त्या बिलांसमोर ठेवून पाहता येईल.