शाळासिद्धीतील स्तर आणि निहाली भाषक मूल

२०१५ साली राष्ट्रीय पातळीवर सुरू झालेल्या शाळासिद्धी योजनेने प्रत्येक शाळेस ७ क्षेत्रे व ४६ मानके यांच्या आधारे स्वतःचे मूल्यमापन करून ते ऑनलाइन नोंदविण्यास सांगितले. शाळेने आपले दोष आपणच पाहावेत व त्यांवरून सुधारणेचा आराखडा रचावा, ही भूमिका निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु प्रत्येक मानकाचा निर्णय तीन स्तरांपैकी एकात सांगावयाचा असल्याने अंक उरतो आणि आशय निसटतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ साली जिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, ती ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुलात निश्चितपणे बसत नाही. घरी निहाली बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा विद्यार्थ्यांविषयी शिक्षकांची जाण या मानकाचा पहिला अर्थ त्या मुलाची भाषा जाणणे हाच होय. ‘स्तर २’ एवढ्या उत्तरावरून शिक्षकास मुलाचे बोलणे कळते की नाही, हे समजत नाही. आणि जे नोंदीत नाही, ते आराखड्यातही येत नाही.

शिक्षणहक्क कायदा, २००९ अन्वये जिल्हा परिषद शाळेचा विकास आराखडा व्यवस्थापन समितीने करावयाचा असून तीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांची साक्ष अंकाशेजारी शब्दांत नोंदविली गेली, तरच असे साधन सुधारणेस उपकारक ठरेल.