मोजपट्टी आणि गाव : दारिद्र्यरेषा व प्रादेशिक अनुशेष या दोन संशोधकीय चर्चांची समीक्षा

प्रस्तावना

विद्यापीठे व संशोधनसंस्था यांमधील वैचारिक चर्चेचा समाजाच्या भवितव्याशी काय संबंध असतो, या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठराविक उत्तरे दिली जातात. समाज विचारवंतांनी घडविला, असे पहिले उत्तर सांगते. परिसंवाद आणि शोधनिबंध यांतून काहीही निष्पन्न होत नाही, असे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. संशोधकांची चर्चा समाजावर परिणाम करते, परंतु तो परिणाम बहुतेक वेळा विचाराच्या मूळ रूपात गावापर्यंत पोहोचत नाही. तो एखाद्या मोजपट्टीच्या रूपाने पोहोचतो. दारिद्र्यरेषेचे दाखले, जिल्ह्याची सरासरी, सिंचित क्षेत्राची टक्केवारी ही सर्व कोणत्या ना कोणत्या अभ्यासकांच्या वादातून जन्मास आलेली मापे आहेत.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील अशा दोन चर्चांची तुलनात्मक समीक्षा करावयाची आहे. पहिली १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी सुरू केलेली दारिद्र्यमापनाची, आणि दुसरी १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालातून पुढे आलेली प्रादेशिक अनुशेषाची. दोन्ही चर्चांच्या केंद्रस्थानी एकच विद्वान आहे, दोन्हींची पद्धती संख्याशास्त्रीय आहे. तरीही त्यांची परिणती भिन्न झाली. ही भिन्नता तपासण्यासाठी गोंदिया तालुक्यातील नागरा हे गाव संदर्भबिंदू म्हणून घेतले आहे. गोंदिया शहरालगतचे, प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे हे गाव धानाच्या पट्ट्यात वसलेले आहे. राज्यव्यापी मोजपट्टी अशा गावाजवळ येते तेव्हा तिला काय दिसते व काय दिसत नाही, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

दारिद्र्यरेषेचा वाद

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील दांडेकर व रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय नमुना पाहणीतील उपभोगखर्चाची आकडेवारी आणि दरडोई दररोज २,२५० उष्मांकांचा निकष यांची सांगड घालून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी वार्षिक दरडोई १८० रुपये व नागरी भागासाठी २७० रुपये ही किमान पातळी मानली. या पातळीखाली ग्रामीण लोकसंख्येचे सुमारे ४० टक्के आणि नागरी लोकसंख्येचे जवळपास ५० टक्के लोक होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आकडा जितका धक्कादायक, तितकीच त्याची मांडणी पारदर्शक होती. गणिताची प्रत्येक पायरी वाचकासमोर असल्याने विरोधकालाही ती तपासून पाहता येत होती.

या अभ्यासाने केवळ मोजणी केली नाही. श्रम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा, हा उपायही त्यात मांडलेला होता. महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आधीच आकार घेत होती. १९७२ च्या दुष्काळात तिला व्यापक रूप आले, १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. म्हणजे येथे अभ्यासकांचा विचार आणि लोकप्रतिनिधींचा प्रयोग एकाच काळात, एकमेकांना पूरक ठरून पुढे गेले. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते यानंतरचे पर्व. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम करून पुण्यात परतलेले पां. वा. सुखात्मे यांनी या निकषाच्या मुळावरच आक्षेप घेतला. एकाच व्यक्तीची उष्मांकांची गरजही स्थिर नसते, शरीर एका मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेलाच किमान गरज मानणे चूक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. खाल्लेले अन्न अंगी लागण्यासाठी शुद्ध पाणी व स्वच्छता यांचीही तितकीच आवश्यकता असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. दांडेकरांनी या भूमिकेचा प्रतिवाद केला. शरीराच्या जुळवून घेण्याला मर्यादा न घातल्यास उपासमारीलाही शास्त्रीय समर्थन मिळेल, हा सुखात्मे यांच्या टीकाकारांचा आक्षेप गंभीर होता.

हा वाद कोणी जिंकला, हा प्रश्न येथे गौण आहे. दोघेही एका शहरात, एका शास्त्राच्या परिभाषेत, परंतु परस्परविरोधी भूमिका घेऊन बोलत होते आणि वादाचा विषय निधी किती हा नव्हता. माप योग्य आहे काय, हा होता. त्यामुळे दारिद्र्यरेषा कधीच अंतिम ठरली नाही. १९७९ च्या नियोजन आयोगाच्या कार्यदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० व नागरी भागासाठी २,१०० उष्मांकांचा निकष घेतला. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडला, आणि रंगराजन समितीने २०१४ मध्ये आहाराचा निकष वेगळ्या रूपात परत आणला. स्वतः रथ यांनी १९८५ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कठोर चिकित्सा करून मालमत्तावाटपाच्या मार्गाने किती गरीब रेषेच्या वर येतील, हा प्रश्न उपस्थित केला. माप तयार करणाऱ्यानेच त्याच्या शासकीय वापरावर प्रश्न विचारावा, हे या परंपरेचे बलस्थान होय.

अनुशेषाची मांडणी

दुसऱ्या चर्चेची पार्श्वभूमी राजकीय होती. १९५३ चा नागपूर करार, स्वतंत्र विदर्भाची शिफारस करणारा १९५५ चा राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आणि १९५६ मध्ये घटनेच्या अनुच्छेद ३७१ मध्ये आलेली विकास मंडळांची तरतूद या क्रमाने विदर्भाची तक्रार शासनदरबारी पोहोचली होती. १९८३ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली व १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, मृद्संधारण, पशुवैद्यकीय सेवा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची पातळी राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली. सरासरीपेक्षा जितकी तूट, तितका अनुशेष, अशी व्याख्या केली. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये ठरला व त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता.

या मांडणीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. भावनिक तक्रारीला तिने तपासता येईल असे रूप दिले. उर्वरित महाराष्ट्राचाही अनुशेष ३७ टक्क्यांच्या आसपास निघाल्याने मागासलेपण ही एकाच प्रदेशाची बाब नाही, हेही दिसून आले. जिल्हा हे एकक घेणे त्या काळी अपरिहार्य होते, कारण सर्व क्षेत्रांची एकसारखी आकडेवारी त्याच पातळीवर मिळत होती.

तथापि पुढे जे घडले ते दारिद्र्यरेषेच्या इतिहासापेक्षा वेगळे आहे. १९९४ मध्ये विकास मंडळे स्थापन झाली. १९९५ मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष पुढे १४,००६.७७ कोटी रुपये निश्चित केला. यानंतर सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने रकमेची झाली : किती मंजूर, किती खर्च, किती वळविला. तूट मोजण्याची रीत स्वतःच योग्य आहे काय, हा प्रश्न मागे पडला. दांडेकर-सुखात्मे वादासारखा दीर्घ, तत्त्वाचा वाद येथे उभा राहिला नाही. २०१३ मध्ये विजय केळकर समितीने तालुका हे एकक घेऊन वेगळी पद्धती सुचविली. तो अहवाल २०१४ च्या अखेरीस विधिमंडळासमोर आला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेष हा शब्द मात्र भाषणांतून टिकून राहिला.

नागऱ्याहून पाहताना

या मोजपट्टीची मर्यादा धानपट्ट्यात ठळकपणे जाणवते. १९८४ मध्ये नागरा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. सालेकसा-देवरीचा वनप्रदेश, तुमसरचा खाणपट्टा आणि गोंदियासारखे रेल्वे जंक्शन या सर्वांची एकच सरासरी त्या वेळी काढली गेली. केळकर समितीचे तालुका हे एकक निश्चितच अधिक सूक्ष्म आहे. परंतु नागऱ्यासारखे शहराच्या कुशीतील गाव तालुक्याच्या आकड्यातही शहराच्या सावलीतच राहते.

याहून गंभीर अडचण सिंचनाच्या निर्देशांकाची आहे. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभी राहिलेली ही व्यवस्था आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव शासनाकडे व पुढे बहुतांशी जिल्हा परिषदांकडे गेले. देखभालीची जबाबदारी कोणाची हे कागदावर स्पष्ट झाले, पण पाळ, तुडूम व पाट यांची दरवर्षीची निगा राखणारी गावची रीत क्षीण झाली. तलावांत गाळ साचला, बेशरमीची झुडपे माजली.

या तलावांमुळे भंडारा-गोंदिया हे आकडेवारीत ओलिताचे जिल्हे ठरतात. परिणामी पुढील काळात विदर्भाचा सिंचन अनुशेष म्हणजे मुख्यतः अमरावती, अकोला, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांचा प्रश्न, असे समीकरण रूढ झाले. पश्चिम विदर्भाची तूट खरीच आहे, तिला कमी लेखण्याचा हेतू नाही. प्रश्न असा, की धानपट्ट्यातील ‘ओलित’ म्हणजे काय? इटियाडोहाच्या कालव्याखालील बांधी, जिला उन्हाळी धानालाही पाणी मिळू शकते, आणि गाळाने भरलेल्या तलावाखालील बांधी, जिला भारी धान निसवण्याच्या वेळी एखादे पाणी मिळाले तर मिळते, या दोन्ही सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीत शेजारी बसतात. शिवाय तलाव त्याच वर्षीच्या पावसाने भरतो. पाऊस दगा देतो त्याच वर्षी तलावही रिकामा राहतो. म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हा संरक्षण सर्वांत कमी असते. सरासरी टक्केवारीत ही विसंगती उमटत नाही.

तलावावर केवळ धान अवलंबून नाही. ढिवर समाजाची मासेमारी, गुरांचे पाणी, गावाचे निस्तार हक्क आणि महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरलेला सारस पक्षी यांचेही जीवन या पाणथळ जागांशी बांधलेले आहे. हेक्टर हे एकच एकक धरणाऱ्या मोजणीत या कशालाच स्थान नाही. सुखात्मे यांनी उष्मांकांविषयी जो आक्षेप घेतला, तोच येथे वेगळ्या स्वरूपात लागू पडतो : सरासरी ही गरज नव्हे आणि उपलब्धता म्हणजे उपयोग नव्हे. हा आक्षेप अनुशेषाच्या चर्चेत तितक्याच शास्त्रीय ताकदीने कोणी घ्यावयाचा होता? पुण्या-मुंबईच्या संस्थांकडे त्यासाठी लागणारी साधने होती, परंतु रोवणीपासून मळणीपर्यंतचा अनुभव येथे होता.

महाविद्यालयाची जबाबदारी

येथे हा प्रश्न आपल्यापर्यंत येतो. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत या गावांतील मुलेमुली बसतात. त्यांच्या घरी सातबारा आहे, गावाच्या दप्तरात निस्तार पत्रक आहे, वडीलधाऱ्यांच्या स्मरणात तुडूम कोणत्या नक्षत्रात उघडत असत याची माहिती आहे. भूगोल, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, मराठी या विभागांनी एकत्र येऊन एका तलावाची पाच वर्षांची नोंद ठेवली, तर ओलिताची वेगळी व्याख्या मांडण्याइतका पुरावा तयार होईल. बहुविद्याशाखीय या विशेषणाला त्यातून खरा अर्थ येईल.

असे का होत नाही याचे एक कारण आपल्यावर लादलेल्या मोजपट्टीतही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला, २०१८ मध्ये त्यात बदल झाले. परंतु शोधनिबंधांच्या संख्येवरून अध्यापकाची पात्रता ठरविण्याची वृत्ती रुजली ती रुजलीच. पाच वर्षांच्या नोंदीला जितके गुण, त्याहून अधिक गुण जागतिकीकरणावरील पाच सर्वसाधारण निबंधांना मिळतात. स्वतः अशा मोजणीचा अनुभव घेणाऱ्या अध्यापकवर्गाला गावाची अडचण इतरांपेक्षा लवकर उमगावयास हवी. व्यवस्थेचे कारण खरे असले तरी ते पूर्ण नाही, हेही मान्य करावे लागेल. वरिष्ठ संस्थांनी ठरविलेल्या संज्ञा जशाच्या तशा स्वीकारून त्यांत स्थानिक आकडे भरणे ही आपलीही सवय झाली आहे.

समारोप

दोन चर्चांच्या तुलनेतून पुढील निष्कर्ष निघतात. एक, संशोधकांचा विचार समाजाच्या भवितव्यावर परिणाम करतो तो मापाच्या द्वारे. म्हणून मापाची चिकित्सा हे तांत्रिक काम नसून वैचारिक काम आहे. दोन, दारिद्र्यरेषेचा विचार जिवंत राहिला, कारण त्याला तुल्यबळ विरोधक लाभला. अनुशेषाचा विचार रकमेच्या हिशेबात अडकला, कारण त्याच्या व्याख्येला तसा विरोधक मिळाला नाही. तीन, तो विरोध ज्या अनुभवातून येऊ शकतो तो धानपट्ट्यासारख्या प्रदेशांत आहे आणि त्याला शास्त्रीय रूप देण्याची पहिली जबाबदारी तेथील महाविद्यालयांची आहे.

दांडेकरांनी आपले गणित उघडे ठेवले होते, ते तपासले जावे म्हणून. नागऱ्याच्या परिसरातून ते आजही तपासता येईल. त्यासाठी पुढील पावसाळ्यात एक तलाव, एक वही आणि वेगवेगळ्या विभागांतील तीन-चार सहकारी यांपासून प्रारंभ करणे शक्य आहे.